तसबिरीपुढे घेतलेलं नाव

लढाई संपली, इंग्रज सरकारचा जय झाला, म्हणून १९१९च्या डिसेंबरात केनवडला घरोघरी दिवे लावायचा हुकूम आला. ज्या घरातला माणूस पलटणीसोबत गेला होता, त्या घरच्या बाईने चावडीच्या ओट्यावर चढून बादशहाच्या तसबिरीला ओवाळायचं होतं.

मनकर्णाबाईचा नवरा पलटणीची खेचरं हाकायला समुद्रापार बसऱ्याकडे गेला, त्याला तीन वर्षं झाली. सोबतचे परतले. त्याची ना चिठ्ठी, ना खबर. तिला तसबिरीशी काही घेणं नव्हतं. पण तहसीलदार येणार होते. त्यांनी वर विचारणा केली तर तो कुठे आहे ते कळेल, एवढ्या आशेवर ती निघाली.

दौलतराव पाटलांनी आधीच बजावलं, "हे पाय मनकर्णे, आज खुशीचा दिवस हाय. रडगानं नोको. ओवाळजो, जय म्हनजो अन् खाली उतरजो."

"व्हय जी."

शेजारची पंचफुला कानाशी लागली, "त्या दाढीवाल्याले ओवाळून राह्यली, घरचा आला म्हंजे रुसन ना वो!"

मनकर्णाबाईला हसू आलं. तिने ओवाळणीचं ताट उचललं.

तिने ओवाळलं. लोकांनी जयजयकार केला. पण ती खाली उतरली नाही.

"काय पाहिजे, बाई?" तहसीलदारांनी विचारलं.

"आमचे घरचे आले नाई जी. तपास लावा."

पाटलांच्या कपाळावर आठी चढली. साहेब मात्र खुशीत होते. त्यांनी कारकुनाला खूण केली. "नाव सांग."

लग्न झाल्यापासून उखाण्याखेरीज तिने ते उच्चारलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सारा गाव मानत होता, तीही मानत होती. एरवी जवळचं कुणीतरी सांगून टाकी. तिने पंचफुलाकडे पाहिलं. पंचफुलाने पाटलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"उखान्यात घे वो!" मागून एक म्हातारी ओरडली. हशा पिकला. साहेबही हसले, "हां, होऊन जाऊ द्या."

उखाण्यात दोष नव्हता. पण त्या तसबिरीपुढे, लोकांच्या करमणुकीसाठी त्याचं नाव यमकात बसवायला तिचं मन धजेना.

"जगदेव," ती म्हणाली. "पुंजाजीचा जगदेव."

हसणं थांबलं. कारकुनाने लिहून घेतलं. "बघतो," साहेब म्हणाले, आणि पुढच्या बाईला बोलावलं.

घरी सासू गोजराबाई ओट्यावर हुकमाचे दिवे मांडत होती. "काय म्हनले?"

"पाहतो म्हनले."

"नाव कोनं सांगतलं?"

"म्याच, आत्याबाई."

सासूचा हात थांबला. मनकर्णाबाई शिव्यांची वाट पाहत उभी राहिली.

"तो गेल्यापासून ह्या घरात त्याले कोनं हाक मारली नाई," गोजराबाई म्हणाली. "माह्याच्यानंबी होत नाई, जीव भरून येते. घेतलंच हाय, त अजून एकडाव घे वो माय."

मनकर्णाबाईने रस्त्याकडे तोंड केलं आणि शेतातून जेवायला बोलवावं, तसं मोठ्यानं नाव घेतलं.