अंबाजीआबांनी अडवलेली कुस्ती

टाकवे बुद्रुकच्या शाळेत मी एकवीस वर्षं मास्तर होतो आणि त्यातली निदान पंधरा अंबाजीआबांशी भांडण्यात घालवली. कुस्तीतलं मला ओ की ठो कळत नाही, असं त्यांचं मत होतं. ते खरंही होतं. पण अक्षर चांगलं म्हणून जत्रेच्या पंचांत माझी वर्णी लागली होती. जोड्या कागदावर मी लिहायच्या आणि आबांनी त्यांत खोट काढायची, असा आमचा दरसालचा रिवाज.

आबा गावच्या तालमीचे वस्ताद. तालीम म्हणजे मारुतीच्या देवळामागची गवताने शाकारलेली खोप आणि आत ताक-तेल घालून मळलेली लाल माती. आबांची भातखाचरं होती, चार जनावरं होती. पण बोलायला लागले की जगातली खरी माती त्या खोपीतलीच. मान इतकी जाड, की मागून हाक मारली तर अख्खे वळायचे. आवाज मात्र मऊ. रागावले की आणखी मऊ व्हायचा, आणि मग भलेभले चळाचळा कापायचे.

चौतीस साली त्यांच्या हाताखाली सोपान तयार होत होता. वय एकोणीस, दारातून आडवं होऊन आत यावं लागे. त्याच वर्षी पलीकडे पवन मावळात, बेडशाच्या वरच्या वाडीतल्या गोविंदाचं नाव गाजत होतं. वय तेवढंच, अंगपिंडही तसंच. दोघेही त्या हंगामात एकही कुस्ती हरले नव्हते. चैत्रातल्या जत्रेची शेवटची जोड म्हणून मी ही दोन नावं लिहिली आणि स्वतःवरच खूश झालो.

संध्याकाळी आबा शाळेत हजर. "मास्तर, ही जोड खोडा."

"का म्हणून? अख्खा मावळ लोटेल बघायला."

"लोटंल. एक पडंल. मंग?"

"मग काय? कुस्तीत एक पडतोच."

"पडायचं बी वय असतं, मास्तर. पोरं अजून कवळी हायेत. आता जो पडंल त्याला वाटंल, आपलं हितंच संपलं. अन जो पाडंल त्याला वाटंल, आता शिकायचं काय ऱ्हायलं? दोगं बी वाया जात्यात. एवढाच व्हतो तवा मी रखमाजीला पाडला. लय गुणाचा गडी. पुन्यांदा मातीत उतरला न्हाई. चार वर्सं द्या मला, मंग मीच लावतो जोड."

मला हा सगळा बहाणा वाटला. मी तोंडावर म्हणालो, "आबा, तुमचा सोपान पडेल, ही भीती आहे तुम्हाला."

"व्हय," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "अन गोविंदा पडंल ही बी."

मी जोड खोडली नाही. सगळे पंच माझ्याच बाजूचे होते. मग आबांनी जे केलं त्याचा मला अजून राग येतो आणि कौतुकही वाटतं. ते चालत बेडशाला गेले, गोविंदाच्या बापाशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी पोराला घेऊनच परतले. मारुतीसमोर तालमीची माती त्याच्या कपाळाला लावली आणि त्याला आपला पठ्ठा केला. एका वस्तादाचे दोन पठ्ठे फडात एकमेकांना भिडत नाहीत. ते भाऊ झाले. माझी जोड आपोआप बाद. मी आठ दिवस आबांशी बोललो नाही.

गोविंदा आबांच्याच घरी राहिला. धोंडाबाई, आबांच्या मंडळी, भाकऱ्या थापता थापता म्हणायच्या, "पठ्ठा ह्यांनी केला, पर त्याला पुरं पडायचं मी!" आणि सर्वांत मोठी भाकरी त्याच्याच ताटात टाकायच्या. तालमीत सोपान आणि गोविंदा रोज एकमेकांना झोंबायचे, पाडायचे, उठवायचे. बघता बघता चार वर्षं सरली आणि दोघे पक्के झाले.

अडतीस सालच्या जत्रेआधी आबा आपणहून आले. "मास्तर, लिवा आता ती जोड."

चार वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होतो. "कशी लिहू? कपाळाला माती तुम्हीच लावलीत ना?"

आबांचं तोंड उतरलं. एका सालची कुस्ती टाळायच्या घाईत त्यांनी ती कायमची बंद करून टाकली होती, आणि हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते पोरांच्या ठेंगण्या बाकावर बसले. "व्हय की," एवढंच म्हणाले. त्यांना टोमणा मारून मला सुख झालं नाही.

मार्ग एकच होता. वस्तादाने भर फडात 'हा माझा पठ्ठा नाही' असं म्हणून एकाला सोडायचं. पोरंही लढायला आसुसलेली. गोविंदा स्वतःच म्हणाला, "आबा, मला मोकळं करा. मी मागनं आलोय." दोन दिवस आबा धड जेवले नाहीत, असं धोंडाबाईंनी मला सांगितलं.

जत्रेच्या दिवशी हलगी कडाडत होती. लोणावळ्याच्या एका व्यापाऱ्याने शेवटच्या कुस्तीला चांदीचं कडं लावलं होतं. सगळ्यांच्या नजरा आबांवर. ते फडात उतरले, डोक्याचा फेटा काढला आणि मातीत ठेवला.

"आजपासनं मी वस्ताद न्हाई," ते म्हणाले. "माझा पठ्ठा कुनीच न्हाई. आता लढा, पोरांनो."

सगळ्यांत म्हातारे पंच दत्तोबा. त्यांनी डोळे पुसत मान हलवली आणि मी दोन नावं लिहिली.

तासभर कुस्ती चालली. कोण कुणाला आवरतंय ते मला कळेना, आणि या खेपेला आबांनाही कळत नव्हतं. शेवटी गोविंदाने डाव टाकला, ढाक भरली आणि सोपान पाठीवर आदळला. चीतपट! लोकांनी गोविंदाला खांद्यावर घेतलं.

वस्तादाने आधी जिंकलेल्याकडे जायचं असतं. आबा आता वस्ताद नव्हते. ते तडक सोपानकडे गेले आणि गुडघे टेकून बसले. सोपान डोळे मिटून पडला होता. त्याला हाक मारायचाही आबांना धीर होत नव्हता. कागद घेऊन मी तिथेच उभा होतो, आणि पहिल्यांदाच मला कळलं की हा माणूस चार वर्षं कशाला भीत होता.

सोपानने डोळ्यांवरची माती पुसली. "आबा, त्यानं ढाक भरली तवा माझा डावा पाय मागं ऱ्हायला. व्हय ना?"

"व्हय."

"मंग उद्यापासनं त्या पायावरच मेहनत धरू. फुडल्या जत्रंला मी त्याला सोडत न्हाई."

आबा तिथेच, उघड्या डोक्याने, सगळ्या मावळादेखत हुंदके देऊन रडले. निकाल लिहायचं काम माझं होतं. मला समोरचा कागद दिसेना. तो मी दुसऱ्या दिवशी शाळेत बसून लिहिला.