‘टेक’ची खोकी

त्या कोशकाराने उमेदीची अठरा वर्षं इंग्रजीतल्या ‘टेक’ या एकाच क्रियापदाचे मराठी अर्थ लावण्यात घालवली. हे क्रियापद म्हणे समुद्रापलीकडच्या लोकांबरोबर इंग्रजीत शिरलं आणि तिथल्या जुन्या शब्दाला हुसकून स्वतः ऐसपैस बसलं. कोशकाराच्या घरीही तेच झालं. जेवणाच्या टेबलावर अर्थ टिपायच्या कार्डांची खोकी आली आणि बायको ओट्याशी उभी राहून जेवू लागली.

कोशाच्या कचेरीचा नियम असा, की प्रत्येक अर्थाला कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य हवं, तेही तारखेसकट. बाहेर जाऊन चार लोकांचं बोलणं ऐकायचा याला कंटाळा. बायकोने काही विचारलं आणि त्यात ‘टेक’चा एखादा अर्थ सापडला, की हा कार्ड पुढे ओढायचा.

“थांब, परत एकदा म्हण.”

ती बिचारी परत म्हणायची. वाक्य टिपलं की याचं काम संपलं. प्रश्नाला उत्तरही द्यायचं असतं, हे त्याच्या गावीही नसे.

ती गेली. महिन्याभराने तिचा आवाजच आठवेना, तेव्हा त्याने खोकी उघडली.

“गोळी घेतलीत का?”

“अजून किती वेळ लागेल?”

“माझा एखादा फोटो काढाल का?”

सगळे प्रश्नच. शेवटच्या कार्डावर ती जाण्याच्या आठ दिवस आधीची तारीख होती.

“छातीत दुखतंय हो, डॉक्टरकडे नेता का?”

खाली त्याच्याच वळणदार अक्षरात शेरा होता: ‘अर्थ बेचाळिसावा. उदाहरण उत्तम.’