आईच्या डोक्यावरचा पाय

कॉलेजात मी दरवर्षी युरोपातलं प्रबोधन शिकवतो, मग धर्मसुधारणा. आता कंटाळा आलाय. सोलापूरचा उन्हाळा, वर पंखा नुसताच कुरकुरतोय, आणि मी सांगतोय, की देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ कशाला हवा, असं एका जर्मन भिक्षूनं थेट चर्चलाच विचारलं. पोरं मान डोलावतात. मग एखादं विचारतं, सर, हे परीक्षेला येतं का?

घरी मात्र हाच धडा माझ्या अंगाशी आला. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला बसवून पुरतात, आणि त्याआधी जंगम स्वामी, म्हणजे आमचे गुरू, आपला पाय त्याच्या डोक्यावर ठेवतात. त्याशिवाय मुक्ती नाही म्हणे. वडिलांच्या वेळी ते बघून माझं डोकंच फिरलं. आईच्या वेळी हे होणार नाही, असं मी तेव्हाच भावकीत सांगून टाकलं. जन्मभर सगळ्यांपुढं वाकलेली बाई. मेल्यावर तरी तिच्या डोक्यावर कुणाचा पाय नको.

आईनं अंथरूण धरलं आणि तिनंच विषय काढला. "तुज्या बापाला ठेवला, सासूला ठेवला. मीच काय घोडं मारलंय रं?"

"अगं, देव आपल्या गळ्यातल्या लिंगात आहे, हे आपल्याच शरणांनी, आपल्या संतांनी सांगितलंय की. युरोपाच्या कितीतरी आधी!" मी सुरू झालो तो थांबेचना. वर्गात इतकं मन लावून मी कधी शिकवलं नसेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "व्हय, खरं हाय तुजं. लई शिकलास. पण पाय तेवढा ठेवायला लाव."

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं.

ती गेली. कुंभारीहून मामा आला. "आता कसं करायचं, मास्तर?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. आईला भिंतीशी बसवलेलं, कपाळभर विभूती, मान जराशी कललेली. मामानंच स्वामींना बोलावून आणलं. स्वामी थकलेले, गुडघे गेलेले. पाय उचलायला गेले आणि त्यांचा तोल गेला. माझ्या भीतीनं कुणी पुढं होईना. शेवटी मीच उठलो आणि त्यांचं कोपर धरलं.

बाप रे, किती जड होता तो म्हातारा! सुधारणा, मध्यस्थ, काही म्हणजे काही आठवलं नाही. एकच धास्ती होती, पाय आईच्या डोक्याला लागायच्या आधी हा पडायला नको.