वर्षाराणीच्या अंगठ्याकडं बघणारा चन्नाप्पा

कबनूरच्या चन्नाप्पाची अठ्ठावीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात गेली. त्या शेडात बोलायचं ते ओठानं आणि हातानं. दोन बोटं ओठाला लावली की चहा, मूठ फिरवली की सुताची कांडी संपली. पलीकडच्या मागावरनं आलेली शिवीसुद्धा तो ओठावरनं ओळखायचा आणि तिथल्या तिथं परत करायचा.

अलीकडं घरातला टीव्ही मात्र गल्लीभर ऐकू जायचा. बायको नीलम्मा म्हणायची, "कान गेलं तुमचं."

"तुझाच आवाज बसलाय," हा म्हणायचा.

शेडात कळू नये, एवढंच त्याला वाटायचं. सूत घेऊन पळणारा धोटा अडकला की मागाचा आवाज बदलतो. तो ज्याला कळत न्हाय, त्याच्या हाती चार माग कोण देणार?

लेक वर्षाराणी कोल्हापुरात बी.एस्सी.ला होती. भौतिकशास्त्रच, पण माणसाच्या अंगाचं. रक्त कुठल्या दाबानं पळतं, कानाचा पडदा कसा हलतो, असलं. शेवटच्या वर्षाला तिनं प्रोजेक्ट घेतला, मागवाल्यांचे कान. आकडे घेऊन मालकांकडं जायचं आणि कानात घालायचे बोळे मागायचे, असं तिच्या सरांनी ठरवलं होतं.

सुट्टीदिवशी ती कान तपासायचं यंत्र घरी घेऊन आली. आवाज आला की बोट वर करायचं. शेडातले गुंडू, कृष्णात, आकाराम डोळे मिटून बसले. तिघांचेही बारीक आवाज गेलेले निघाले. मग चन्नाप्पा बसला. एकही आवाज चुकला न्हाय.

"अप्पा, तुमचा कान माझ्यापेक्षा चांगला हाय की."

"यंत्र बिघडलंय," नीलम्मा आतनं म्हणाली.

गडी खूश झाला. पण तिघं गेल्यावर लेक कागदापुढं पेन चावत बसली. "तुमच्यामुळं घोळ झालाय. अठ्ठावीस वर्षं मागावर काढून ह्येचा कान धड, मग बोळं कशाला, असंच म्हणणार मालक."

चन्नाप्पा गुडघे चोळत बसला. कान गेल्याची लाज गुंडूलाही होतीच की. तरी तो डोळे मिटून बसला होता.

"परत घे," तो म्हणाला.

"का?"

"बटणावरच्या तुझ्या अंगठ्याला बघत हुतो. आदी सवयीनं. मग कळलं, तरी बघितलं."

वर्षाराणीनं अंगठ्याकडं बघितलं, मग बापाकडं.

"कागदावर नाव घालतीस?"

"नंबर घालते. पण शेडात चौघंच हायसा. मालकाला कळंल, अप्पा."

त्यानं खुर्ची फिरवून तिच्याकडं पाठ केली. "कळू दे. लाव."

पुढ्यात भिंतीवर कॅलेंडर होतं. पहिले दोन-तीन जाड आवाज आले, त्यानं बोट वर केलं. मग काहीच न्हाय. त्यानं कॅलेंडरचा महिना वाचून काढला. लेक काहीतरी लिहीत असंल, असं त्याला वाटलं.

खांद्यावर हात पडला तसा तो वळला. "झालं व्हय? बारीक आवाज लावायचं ऱ्हायलं की अजून."

"लावलं, अप्पा," वर्षाराणी हळू म्हणाली.

ते त्याला तिच्या ओठावरनं कळलं.