निहारची बरणी

तेरावं उरकल्यावर स्मृतीनं पहिल्यांदा धड तोंड उघडलं, ते बरणीसाठी. "आई, फ्रिजमधली निहारची बरणी कुठाय?" तिनं सासूला, वासंतीबाईंना विचारलं.

बाई मूळच्या खानापूरच्या. लग्न होऊन बेंगळुरात आल्या. नवरा तिथल्या पीण्या भागातल्या कारखान्यात राबून राबून गेला, पण बाईंचा ओटा म्हणून कधी चिकट दिसला नाही. स्वच्छतेचं वेडच म्हणा ना! एकुलता एक लेक निहार हेब्बाळच्या कंपनीत लागला, पुण्याची बायको करून आणली, आणि रविवारी घरी ब्रेड भाजायचं खूळ कुठून उचललं देव जाणे. इटलीकडचा म्हणे हा ब्रेड. वरून टणक, आत भोकंच भोकं. खायला दात उसने आणायचे का रे, असं बाई हिणवायच्या, आणि कडेचा कुरकुरीत तुकडा आधी त्याच उचलायच्या.

त्या ब्रेडचा सगळा जीव बरणीत. पीठ-पाणी कालवून आंबवलेलं, बुडबुडे धरलेलं. विकतचं यीस्टबिस्ट काही नाही. लागेल तेवढं काढायचं, उरलेल्यात ताजं पीठ घालून ठेवायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. आपल्या विरजणासारखंच गं आई, असं निहारनं एकदा समजावलं होतं. नवरा-बायको कुठं गावाला गेली की बाईच त्यात पीठ घालायच्या, कुरकुरत का होईना.

मग हेब्बाळच्या पुलाखाली टँकरनं निहारच्या बाइकला उडवलं. प्रेत घराबाहेर निघालं की शिजलेलं, आंबलेलं सगळं, अगदी साठवलेलं पाणीसुद्धा ओतून टाकायचं, ही त्यांच्याकडची रीत. शेजारच्या शिवलीलाक्का मी करते म्हणाल्या, पण बाई कसल्या ऐकतात! इडलीचं पीठ ओतलं, दही ओतलं, आणि त्याच झपाट्यात ती बरणीही ओतून, घासून, पालथी घातली. काय ओतलं ते तेव्हा त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आणि आता सून तेच मागत होती. तिचा भाऊ पुण्याला चल म्हणून मागे लागला होता. ती गेली की बाईंना या घरात बोलायला भिंतीच उरणार होत्या. "आहे की. मी नीट ठेवलीय," बाई बोलून गेल्या. स्मृती आंघोळीला गेल्यावर त्यांनी घाईघाईनं पीठ कालवलं आणि वर चमचाभर दही घातलं. विरजणासारखंच म्हणाला होता ना तो! मग काहीबाही सबबी सांगत बरणी दडवून ठेवली. पीठ फुगलं, बुडबुडे आले. बाईंनी चक्क देवाला हात जोडले.

रविवारी स्मृतीनं ब्रेड भाजला. निहार करायचा तशी वरून सुरीनं चीर दिली. घरभर वास सुटला, तशी बाईंना वाटलं, राहील आता पोर. स्मृतीनं तुकडा तोडला, तोंडात घातला आणि चावायची थांबली.

"यात दही आहे," ती म्हणाली. "त्याचं कुठाय?"

"ओतलं गं मी. माझ्याच हातानं. सुतक होतं."

स्मृती रडली नाही, भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं, आई," एवढं बोलून तिनं ओव्हन बंद केला. आठवडा उलटायच्या आत भाऊ गाडी घेऊन आला. सावकाश जा, असं बाईंनी फाटकापाशी उभं राहून सांगितलं.

बाईंना काही ब्रेड भाजता येत नाही. तरी रोज सकाळी त्या बरणीत पीठ घालतात, पाणी घालतात, ढवळतात. त्यात निहारचं काही नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. पण आता ओतायला हात होत नाही.