लेकरू परत देण्याचं शिक्षण

बारावीनंतर मी बालसंगोपनाच्या कोर्सला नाव घातलं तेव्हा आमच्या तांड्याला हसायला आयताच विषय मिळाला. मामा दारव्ह्याचा बाजार करून येता येता मुद्दाम आमच्या ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "पोट्टे सांभाळाचा कोर्स? मंग पुढच्या साली काय, भाकर खायाचा?" माझा बापही हसला. मी नर्स व्हावं असं त्याच्या मनात होतं. मी आतल्या आत धुमसत होते, पण बोलले नाही, कारण भाची माझ्या खांद्यावर पेंगत होती आणि आवाज चढवला असता तर तिची झोप मोडली असती.

नोकरी लवकर लागते, असं मी घरी सांगितलं होतं. खरं कारण खांद्यावर होतं. माझी मोठी बहीण आणि भाऊजी दर वर्षी दिवाळी झाली की उसाच्या टोळीत जायचे, ते होळीच्या सुमाराला परतायचे. एकदा भाचीलाही नेलं होतं. तिथं पाचटाच्या खोपीत तिला खोकला धरला तो सुटेच ना. बहीण अर्ध्यातून आली, लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. पावसाळ्यात ती सासरच्या तांड्यावर दुसऱ्यांच्या वावरात राबायची, घरात आजारी सासू. आज नेते, उद्या नेते म्हणता म्हणता लेकरू आमच्याकडेच राहून गेलं. ते मला याडी म्हणायला लागलं. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. कोणी तिला टोकलं नाही, मीही नाही. कोर्स करायचा, एखाद्या पाळणाघरात लागायचं, तिला सोबत न्यायचं, पुढं यवतमाळच्या शाळेत घालायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. मला ती माझी हवी होती.

कोर्सला मी बोरी अरबवरून काळी-पिवळी जीप धरून रोज यवतमाळला जायची. वर्गात आम्ही सगळ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी, आणि टेबलावर एक रबरी बाहुली, तिला आंघोळ घालायची. माझं हसू आवरत नव्हतं. घरी मी खरं लेकरू न्हाऊ घालून आले होते आणि इथं त्या बाहुलीची मान धरायला शिकत होते. पण शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या आणि हळूहळू मला कळलं की मला सगळं येतं हा माझा समज आहे. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट तर तांड्यात कोणाच्या डोक्यात आली नसती. लेकरू कडेवरून कडेवर द्यायचं नाही. आधी त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे. घ्यायला आलेल्या आईनं खाली बसायचं, हात पसरून ओढायचं नाही, वाट पाहायची. लेकरू आपल्या पायानं गेलं पाहिजे.

पुढं यवतमाळलगतच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी एक पाळणाघर होतं, तिथं मी लागले. भाचीला सोबत आणायची परवानगी मिळाली. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सकाळी आम्ही दोघी जीपमध्ये कोंबून बसायचो, ती माझ्या मांडीवर, तिच्या मांडीवर डबा. ड्रायव्हर तिला "मॅडम" म्हणायचा आणि ती खुशाल मान डोलवायची. पाळणाघरात बाकीची मुलं मला मावशी म्हणत. ती याडी म्हणायची आणि त्यांच्याकडे अशा तोऱ्यात बघायची की मला हसू फुटायचं. संध्याकाळी मुलांना न्यायला त्यांच्या आया येत, मी एकेकाचे पाय जमिनीला लावत असे आणि मुलं धावत जात. ते बघताना मला कधी वाईट वाटलं नाही. माझं लेकरू तर माझ्यासोबतच घरी येणार होतं.

त्या वर्षी होळीच्या आधी बहीण आली. आमच्यात खूप दिवसांनी भेटलेल्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडतात. रडतात म्हणजे हेल काढून, सूर लावून, काय काय सोसलं ते त्या रडण्यातच सांगतात. तसं भेटलं नाही तर भेट झाली असं कोणी मानत नाही. बहीण माझ्या गळ्यात पडून रडली, मग आमच्या आईच्या, आणि मग खाली वाकून तिनं भाचीला कवटाळलं आणि तिच्या कानाशी तोच हेल काढला. इतक्या महिन्यांचं रडणं तिचं. लेकरानं असा टाहो फोडला की शेजारचे धावत आले. ती तिच्या हातातून निसटली, माझ्या पाठीमागं शिरली आणि बहिणीकडे बोट दाखवून म्हणाली, "तिले जाय म्हण."

बहीण रडायची थांबली. तिचे हात तसेच पसरलेले होते. मला तिची दया आली आणि लेकरू माझ्यामागं शिरलं याचा आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की टोळी आता सुटली. भाऊजींना तिकडच्याच एका रोपवाटिकेत कायमचं काम मिळालं आहे, राहायला पक्की खोली आहे, जवळच शाळा आहे. सासू मागच्या पावसाळ्यात वारली होती, इकडे परत येण्याचं कारण उरलं नव्हतं. "लेकीले घेऊन जातो आता," ती म्हणाली. माझ्या तोंडावर काय दिसलं देव जाणे, ती माझ्याजवळ सरकली. "तू म्हणशीन तर ठेवतो इथंच. मले दिसते न, तिले तूच पाहिजे. पण मंग मले दुसरं कायले जगाचं, सांग."

मी तावातावानं उठले, विहिरीवरून पाणी आणलं, भांडी आपटली. ऊस तोडून तोडून तिच्या बोटांना घट्टे पडलेले, आणि ती माझ्याकडे परवानगी मागत होती. स्वतःच्या लेकराची. याचाच मला जास्त राग आला. मी परत आले तेव्हा ती तिथंच बसली होती. म्हणाली, "तू शिकली न ते. लेकरू कसं लावून घ्याचं ते. मले शिकव."

आणि मी शिकवलं.

तिला सांगितलं, बोलवू नको, उचलू नको, रडू तर अजिबात नको. ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बस. पहिल्या दिवशी भाची लांबूनच बघत राहिली. मग दाणे उचलायला यायला लागली आणि पळून जायला लागली, मग एक दिवस तिच्या शेजारी बसून शेंगा फोडायला लागली. मी तिला भरवणं सोडलं. वेणी घालणं सोडलं. ती कंगवा घेऊन माझ्याकडे आली की मी म्हणायची, "माहे हात ओले हायेत, तिच्याकडून घाल." हात कोरडे असायचे. कामावर एकटी जायला लागले. जीपच्या ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम नाही आली आज?" मी म्हटलं, तिची आई आली. मग वाटभर खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी मी तिला मला मावशी म्हणायला लावलं. याडी म्हणून हाक मारली की ओ द्यायचीच नाही, असं केलं. ती माझ्यासमोर उभी राहून हाका मारायची आणि मी भाकरी थापत राहायची. त्या दिवसांत मला माझ्या शिक्षणाची चीड आली. न शिकलेल्या मावशीनं लेकरू घट्ट धरलं असतं, भांडली असती, हरली असती आणि मोकळी झाली असती.

जायच्या दिवशी तांड्यातल्या म्हाताऱ्या बाया आमच्या दारात जमल्या. निरोपाचंही रडणं असतं आमच्यात. मी हात जोडून सांगितलं, कोणी रडायचं नाही, लेकरू भेदरेल. एक म्हातारी फणकारली, "मुक्यानं धाडतेत काय लेकीले? कोर्सात हेच शिकवते काय तुले?" तरी सगळ्या गप्प राहिल्या. बहीण जीपजवळ खाली बसली. मी भाचीचे पाय जमिनीला लावले. ती एकदा माझ्याकडे बघून हसली आणि चालत चालत तिच्या मांडीवर जाऊन बसली, जसं काही आम्ही सगळे खेळच खेळत होतो. जीप डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मी हात हलवत होते. नंतर बायांनी मला मध्ये घेतलं आणि माझ्यासाठी रडल्या. मला त्यांच्यात सूर लावता आला नाही, नुसतं हुंदके देत राहिले.

मी अजून लोहाऱ्याच्याच पाळणाघरात आहे. लग्नाची बोलणी येतात, मी टोलवते. काम चांगलं करते असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे.

मागच्या महिन्यात दुपारी मुलं झोपली होती तेव्हा बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. फोन भाचीच्या हातात होता. तिचा एक दात पडला होता, तो तिनं तोंड फाडून दाखवला. "मावशी, पाहा," म्हणाली. मग एकदम हाक मारली, "याडी!"

"काय व बाई," मी म्हटलं. तोंडून निघून गेलं.

तिचं लक्षच नव्हतं. ती मागं वळून बघत होती, आणि आतून बहीण म्हणाली, "आलो, आलो." भाचीनं फोन खाटेवर ठेवला आणि तिच्याकडे पळाली. मला नुसते छताचे पत्रे दिसत होते. दोघींचं हसणं ऐकू येत होतं. मी बराच वेळ फोन तसाच धरून बसले, मग एक मूल उठलं, त्याला घ्यायला गेले.