शाळेसाठी कापलेले केस

माझा धाकटा भाऊ ओलेक तिसरीत गेला तरी त्याला वाचता येत नव्हतं. अक्षरं सुटी सुटी यायची, पण त्यांचा शब्द झाला की त्याची गाडी तिथेच थांबायची. मग तो वर बघून गोड हसायचा. न्यू यॉर्कमधल्या रिजवूडच्या त्याच्या शाळेत ते हसू फार खपायचं. पालकसभेत त्याच्या बाई मान तिरकी करून आईला सांगायच्या, "ओलेक ना? किती गुणी! अजिबात त्रास नाही हो त्याचा."

आई घरी यायची आणि कोट न काढताच खुर्चीत बसायची. "त्रास देत नाही म्हणूनच कोणी बघत नाही त्याच्याकडे. उद्यापासून याला बाकं आपटायला शिकवते."

"शिकव," बाबा म्हणायचे. "काहीतरी शिकेल तरी."

त्या शरदात आईने ठरवलं की न्यू यॉर्क सोडायचं. शहराबाहेर, गाडीने तासाभराच्या आत, जिथे कोणीतरी ओलेकला वाचायला शिकवेल असं गाव शोधायचं. बाबांचं म्हणणं एकच होतं, तळघर कोरडं पाहिजे. ते लोकांच्या घरात लाकडी जमिनी घालतात, त्यामुळे कुठल्याही घरात शिरले की आधी खाली बघतात. वर छत आहे की नाही हे त्यांना आईने सांगावं लागतं.

आई, म्हणजे दानुता, बाबांची दानुशा, पोलंडच्या पूर्वेकडच्या एका लहान गावातून इथे आली तेव्हा एका पार्लरमध्ये जमिनीवर पडलेले केस झाडायची. आता त्याच पार्लरमध्ये खिडकीजवळची खुर्ची तिची आहे. तिच्या निम्म्या गिऱ्हाइणी केव्हाच शहराबाहेर राहायला गेल्या, पण केसांसाठी अजून तिच्याकडेच येतात. कुठल्या गावची शाळा कशी, हे त्यांना विचारलं की झालं, असं मला वाटलं होतं.

"त्या काय सांगणार?" आई म्हणाली. "जिने तिथे घर घेतलंय ती तिथल्या शाळेला नावं ठेवेल? आरशासमोर बसली की प्रत्येकीची शाळा उत्तम. बाई खरं बोलते ती डोकं मागे टेकून गरम पाणी पडायला लागलं की. डोळे मिटलेले असतात ना, आपण कोणाशी बोलतोय ते विसरते."

"मग त्यांचं डोकं धुताना विचार."

"मी विचारलं की त्यांना मी आठवते."

म्हणून आईने वेगळीच पद्धत काढली. जे गाव बघायचं तिथल्या पार्लरमध्ये स्वतः गिऱ्हाईक होऊन जायचं, डोळे मिटून पडायचं आणि शेजारच्या बेसिनमधली बाई काय बोलते ते ऐकायचं. तिची सुट्टी बुधवारी. तिच्या इंग्रजीला पोलिश वळण आहे, त्यामुळे भरभर बोलणाऱ्या बायकांचं काही सुटू नये म्हणून ती मला बरोबर न्यायची. ओलेकच्या शाळेपायी माझी शाळा बुडत होती, आणि माझी काही तक्रार नव्हती.

घरं दाखवायला मार्जरी नावाची एजंट होती. मोत्यांची माळ, मोठी गाडी, आणि बोलताना सगळं काम भुवयांकडे. या एजंट लोकांना शाळेबद्दल बरंवाईट बोलायची चोरी असते. उद्या कोणी म्हणायला नको की तुम्ही आम्हाला या वस्तीत ढकललं आणि त्या वस्तीपासून तोडलं. आईला ते पटायचं नाही.

"शाळा कशी आहे?"

"शाळा आहे," मार्जरी म्हणायची.

"चांगली?"

"शाळेचं शाळेलाच विचारलेलं बरं, मिसेस." मग गाडीत आम्ही तिघंचौघंच असताना ती आवाज खाली आणायची. "मी एवढंच सांगते. या रस्त्यावर मुलांची बारावी झाल्याशिवाय कोणी घर विकत नाही." आणि भुवया अशा वर जायच्या की केसांत गडप.

एका गावात शेजारच्या बेसिनमधून कळलं की तिथली मुलं शाळेच्या बसमध्ये रोज मारामाऱ्या करतात. दुसऱ्या गावात शिक्षक वर्षभरही टिकत नव्हते. तिसऱ्यात एक म्हातारी पडल्यापडल्या आपल्या सुनेबद्दलच बोलली, शाळेचा विषय निघालाच नाही, पण आई म्हणाली की सून फार चांगली असणार. प्रत्येक ठिकाणी केस कापून घेणं भाग होतं, नुसतं धुवून कोण उठणार? खांद्याखाली रुळणारे केस आधी खांद्यावर आले, मग मानेवर, मग कानाशी.

"दानुशा," बाबा म्हणाले, "आणखी एक गाव पाहिलंस तर तुला सैन्यात घेतील."

मग एल्मब्रुकमधलं घर निघालं. एल्मब्रुकचं नाव आमच्याकडे असं घेतात जसं एखाद्या दागिन्याचं घ्यावं. बाबांनी बोझेना आत्याला फोनवर नुसतं सांगितलं तर ती म्हणाली, "एल्मब्रुक? तुम्ही? लेशेक, बँक लुटलीस की काय रे?" घर लहान, पण पिवळं, दारात मेपलचं झाड, आणि आश्चर्य म्हणजे आमच्या आवाक्यातलं. बाबा थेट तळघरात गेले. आम्ही वरच्या खोल्या बघेपर्यंत त्यांचा आवाज आला, "कोरडं! दानुशा, हाडासारखं कोरडं!"

आईने एल्मब्रुकच्या शाळेत फोन केला. तिथल्या बाई साखर घोळून म्हणाल्या, "आमच्या हद्दीत राहत असाल तर तुमच्या मुलाला घ्यायलाच लागेल, नाही का?" आईने फोन ठेवला आणि ओलेकच्या डोक्याचा मुका घेतला. घरमालकाला आमचा भाव मान्य झाला. पुढच्या आठवड्यात वकिलांसमोर सह्या व्हायच्या होत्या.

"आता केस कशाला?" बुधवारी बाबांनी विचारलं. "गाव तर ठरलं."

"प्रत्येक गावात गेले. इथेच नाही गेले तर कसं वाटेल?"

ओलेकला घेऊन आम्ही गेलो. एल्मब्रुकच्या पार्लरमध्ये पाणी देतानासुद्धा काचेच्या पेल्यात काकडीची चकती घालतात. केस कापणारी रोझॅन गप्पिष्ट निघाली. शेजारच्या बेसिनला डोकं टेकून एक उंच बाई पडली होती, ती डोळे मिटून म्हणत होती, "मंगळवारी गणिताचा मास्तर, गुरुवारी वाचनाची बाई, शनिवारी निबंध. वर्गात सगळ्यांचंच असं आहे. निकालात शाळा आयती वर येते, खर्च आमचा."

आईचे डोळे उघडले. तिने माझ्याकडे बघितलं, बरोबर ऐकलं ना म्हणून. मी मान डोलावली.

"तुम्ही नवीन वाटतं?" रोझॅनने आईला विचारलं. "कुठे घेताय घर?"

"पिवळं घर. ओढ्याच्या पलीकडे, मेपलपाशी."

रोझॅनचे हात थांबले. उंच बाईनेही मान वळवली, आणि बेसिनच्या कडेवरून पाणी तिच्या कानात गेलं.

"अगं, पण ते एल्मब्रुक नाही," रोझॅन म्हणाली. "म्हणजे आहे. टपाल एल्मब्रुकचं येतं, कचऱ्याची गाडी एल्मब्रुकची. पण शाळेची हद्द ओढ्यापाशी संपते. पलीकडची मुलं हार्लनला जातात. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

आई उठून बसली. मानेवरून पाणी ओघळत होतं. तिने तसाच मार्जरीला फोन लावला. पलीकडे वर गेलेल्या तिच्या भुवया मला इथून दिसायला लागल्या. मग ती म्हणाली, "घराच्या कागदावर शाळा हार्लनचीच लिहिलीय, मिसेस. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. शाळेचं मी कधी..."

"कधीच बोलत नाही," आई म्हणाली आणि फोन ठेवला. तिने कागद वाचले होते, बाबांनीही. पण दोघांनी पत्ता वाचला आणि एल्मब्रुक दिसल्यावर पुढचं वाचायची गरजच वाटली नव्हती.

रोझॅनने आईचे केस टॉवेलमध्ये गुंडाळले. पैसे घेईना. "राहू दे गं. एवढा मोठा गोंधळ झालाय."

बाहेर आल्यावर आई गाडीत बसली, पण किल्ली फिरवली नाही. मागून ओलेकने विचारलं, "आपण पिवळ्या घरात नाही जायचं?"

"माहीत नाही, बाळा."

मग ती हार्लनला निघाली. ओढ्यावरचा पूल ओलांडला की रस्ता अरुंद होतो. शाळा विटांची, बैठी, मैदानावर एका झोपाळ्याची साखळी तुटलेली. घंटा झाली आणि मुलं बाहेर आली. फाटकापाशी जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बुटकी बाई प्रत्येक मुलाच्या दप्तराची चेन लावून देत होती. "डब्याचं झाकण! परत जा, आण. तू, बूट. तुला किती वेळा सांगायचं, माझ्या राजा?"

आई तिच्यापुढे जाऊन उभी राहिली, डोक्याला टॉवेल तसाच. "माझ्या मुलाला वाचता येत नाही," ती म्हणाली.

हे वाक्य आईने बाहेरच्या कोणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या बाईने टॉवेलकडे बघितलं, मग ओलेककडे.

"मी मिसेस टिलमन. वाचनाचंच काम करते. थंडीत ओले केस घेऊन उभ्या नका राहू, आत या."

तिची खोली म्हणजे पूर्वीची साहित्याची कोठी. एक टेबल, तीन खुर्च्या, वाळू पसरलेला ट्रे. ओलेकला तिने वाळूत बोटाने एक अक्षर काढायला लावलं, मग दुसरं, मग तिसरं. तीन अक्षरांचा शब्द झाला. ओलेक थांबला. आईचे ओठ हलले. टिलमनबाईंनी तिच्याकडे न बघताच हात वर केला, गाड्या थांबवणाऱ्या शिपायासारखा. बाहेर बस निघून गेली. ओलेकने बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं, ओठ दाबले, आणि तो शब्द बोलला. हळू, पण बोलला.

"बरोबर," टिलमनबाई म्हणाल्या. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. "पुढचा."

"अशी किती मुलं आहेत तुमच्याकडे?" आईने विचारलं.

"आहेत चिक्कार. रोज येतात, एकेक जण. बाहेरचा मास्तर लावायची इथे कोणाची ऐपत नाही, मग शाळेलाच शिकवावं लागतं."

रात्रीच्या जेवणाची तयारी करताना आईने सगळं बाबांना सांगितलं. बाबा बटाट्याची सालं काढत होते, ते थांबले.

"म्हणूनच स्वस्त होतं तर. विकायला गेलो तर आपल्यालाही कमीच येतील. वकिलाला सांगून टाकू, नको म्हणून."

"सांग," आई म्हणाली. "आणि मग तू शोध, एकदा सांगितल्यावर लगेच त्याला शिकवायला बसणारी अशी दुसरी बाई. एल्मब्रुकात मंगळवार, गुरुवार, शनिवार मास्तर लावावे लागतात. ते लावायला तुझ्याकडे आणखी किती जमिनी आहेत घालायच्या?"

"आणि बोझेनाला काय सांगू? हार्लन म्हटलं की विचारेल, तिथे कोण राहतं?"

"सांग, आम्ही राहतो."

बाबा थोडा वेळ बटाटा हातात फिरवत राहिले. "तळघर तर कोरडं आहे," ते म्हणाले. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

बर्फ पडायच्या आत आम्ही पिवळ्या घरात आलो. पार्लर लांब पडलं, आई आता आठवड्यात तीनच दिवस जाते आणि गिऱ्हाइणी कुरकुरतात. मला दहावीत मध्येच नवी शाळा मिळाली, तिची गोष्ट वेगळी.

मार्चमध्ये एका संध्याकाळी बीटचं सूप होतं. ओलेकने टेबलावरचं चहाचं खोकं जवळ ओढलं आणि मागच्या बाजूवर बोट ठेवलं. तो वाचायला लागला. एक शब्द, मग बराच वेळ काही नाही, मग पुढचा. मला पुढचा शब्द दिसत होता आणि आईने टेबलाखाली माझा गुडघा घट्ट धरून ठेवला होता. बाबांनी चमचा खाली ठेवला. सूप निवत गेलं. खोक्यावर पाणी किती वेळ उकळायचं ते लिहिलं होतं, आणि ओलेक अजून दुसऱ्या ओळीवर होता.